चाकू हातात देऊ नये

ताई,

तुमचा चाकू माझ्याकडे आहे. सगळ्यांना वाटत होतं, तो दवाखान्यातच राहिला, किंवा तुमच्या पिशवीसोबत कुठेतरी गेला. तुमच्या तेरवीपर्यंत, म्हणजे तेराव्या दिवसापर्यंत, मी कुणाला काही बोलले नाही, कारण तो माझा आहे की नाही हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. आणि तेरवीच्या दिवशी तुमच्या अंगणात, अर्ध्या गावासमोर, तो माझ्या पर्समधून बाहेर आला. ते कसं झालं, हे सांगायला बसले आहे. मी बोलतेय आणि तुम्ही मधे तोंड घालत नाही, ही पहिलीच वेळ. सवय नाही मला, त्यामुळे लिहिणं जरा इकडे तिकडे जाईल.

ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांना एवढं कळलं तरी पुरे की तुम्ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, पारशिवनीजवळ शेती करणारी, आणि तुमच्या कनवटीला कायम एक घडीचा चाकू असायचा. लाल मुठीचा, बोटाएवढा. रामटेकच्या यात्रेत घेतलेला. पाते घासून घासून इतकं बारीक झालेलं की मूठ मोठी आणि पाते तिच्या पोरासारखं दिसायचं. वजन तर असं काही नव्हतंच. तुम्ही नऊवारीतून गोल साडीवर आलात, बैलगाडीतून एसटीत आणि एसटीतून आमच्या स्कूटरवर आलात, पण चाकू जिथे होता तिथेच राहिला.

मी तो पहिल्यांदा पाहिला माझ्याच लग्नात. मी नाशिकची, आमच्याकडे काही गोष्टी वेगळ्या, पण हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार आणि तिच्या टोकाला लिंबू, हे मला ठाऊक होतं. तुमच्या गावच्या मांडवात मे महिन्याच्या उन्हात मी आंतरपाटाअलीकडे उभी होते आणि पलीकडे काहीतरी कुजबुज चालली होती. मला वाटलं, हुंड्यावरून बिनसलं की काय. नंतर कळलं की ज्यांच्याकडून कट्यार मागून आणली होती, त्यांच्याच ओट्यावर ती विसरून सगळे मांडवात आले होते. मुहूर्त दारात आणि नवरदेव रिकाम्या हातानं उभा. तेव्हा तुम्ही कनवटीतून हा चाकू काढला, उघडला, लिंबू टोचलं आणि भावाच्या हाती दिला. म्हणजे हाती नाही, पाटावर ठेवला आणि त्याला उचलायला लावला. ते पुढे येईलच.

आंतरपाट खाली गेला. मुलीनं आधी नवऱ्याचं तोंड पाहायचं असतं. मी लिंबू पाहिलं. एवढंसं पाते आणि त्यावर हे एवढं गावठी लिंबू, चाकू दिसतच नव्हता. अरुण माळ घालायला वाकले तसा चाकू आपणहून मिटला, त्यांचं बोट थोडक्यात वाचलं आणि लिंबू सुटून घरंगळत माझ्या पायाशी आलं. बँड थांबला. मागे एक म्हातारी चुकचुकायला लागलीच होती, तेवढ्यात तुमचा आवाज आला.

"नजर होती ते पडली. लिंबाचं काम झालं. वाजवा गा, बँडवाल्यायले काय झालं?"

बँड वाजला. लिंबू पुन्हा टोचलं गेलं आणि उरलेलं सगळं लग्न अरुण त्या चाकूच्या पाठीवर अंगठा दाबून उभे होते. फोटोत सगळीकडे ते अंगठ्याकडेच बघताहेत. आमच्या मुलांना वाटायचं, बाबा लाजले होते.

संध्याकाळी तुम्ही त्याच चाकूनं आम्हा दोघांसाठी टरबूज कापायला बसलात. एवढ्या चाकूनं टरबूज. चहूबाजूंनी थोडं थोडं चिरत, मग गुडघ्यानं दाबून फोडलंत. नवी नवरी मदत करणारी असावी म्हणून मी हात पुढे केला, म्हटलं, द्या ताई, मी कापते. तुम्ही चाकू जमिनीवर ठेवला.

"हातात नाई देत वं. चाकू हातात देल्ला तं भांडण होते. खाली ठेवते, उचल. आजचाच दिवस आहे तुया, भांडाले जिंदगी पडली हाये."

जिंदगी पडली होती आणि आपण ती वाया घालवली नाही. माझ्या वरणातला गूळ तुम्हाला कधी पटला नाही. गोड वरण आजाऱ्याला देतात, हे तुम्ही माझ्या पाहुण्यांसमोर म्हणालात. तुमच्या ठेच्यानं माझ्या भावाच्या डोळ्यांतून पाणी काढलं तेव्हा मी तुम्हाला सोडलं नाही. मुलांची नावं, पडद्यांचा रंग, अरुणनी नोकरी सोडावी की नाही, प्रत्येक गोष्टीवर आपली दोन मतं. गंमत म्हणजे भांडण रंगात आलं की मी नाशिकची उरायचेच नाही. "मले नका सांगू," असं माझ्या तोंडून निघायचं आणि तुम्ही भांडण तिथंच सोडून हसायला लागायच्या. आणि एवढ्या वर्षांत तो चाकू एकदाही एका हातातून दुसऱ्या हातात गेला नाही. ओट्यावर ठेवायचा, टेबलावर ठेवायचा, बसमध्ये मांडीवर ठेवायचा, मगच दुसरीनं उचलायचा.

मी एकदा म्हटलं होतं, "ताई, एवढं पाळूनसुद्धा आपण भांडतोच. मग हे कशाला?"

तुम्ही म्हणालात, "अन् नसतं पायलं तं किती भांडलो असतो, हे तुले माहीत आहे का?"

याचं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे.

बाकी तुमचा देवधर्म तुमच्याच मापाचा होता. मांजर आडवं गेलं तर तुम्ही त्याला हाक मारायच्या. अमावस्येला पेरणीचं बोलायच्या. पण चाकूच्या बाबतीत सोवळं कडक. आणि त्या एवढ्याशा चाकूनं तुम्ही काय काय केलं याची मी आता आठवण काढते तेव्हा हसू येतं. विळी घरात बसून राहते, सुरी ओट्यावर, आपल्याला तिच्याकडे जावं लागतं. हा चाकू माणसासोबत चालायचा. आमच्याकडे नागपुरात जरीपटक्याला तुम्ही आलात की दारातच पोत्याची सुतळी सटकन कापली जायची आणि जाम घरभर व्हायचे. नाशिकला आम्ही पेरू म्हणतो, पण तुमच्या चाकूनं चार फाका करून मीठ लावलेल्या फळाला जामच म्हणायला हवं, हे मी मान्य केलं आहे. मुलांच्या पेन्सिली, शाळेच्या दप्तराचा अडकलेला दोरा, औषधाच्या पट्टीतली न निघणारी गोळी, पार्सलची चिकटपट्टी, बाभळीचा पायात मोडलेला काटा. संक्रांतीला गच्चीवर मांजा गुंतला की पोरं "आत्या" म्हणून ओरडायची, आई म्हणून नाही.

कूलरचं तर काय सांगू. नागपुरात उन्हाळा कॅलेंडरवरून येत नाही, गच्चीवरून कूलर खाली आला की येतो. दरवर्षी तुम्ही त्याच सुमारास आमच्याकडे यायच्या, आणि तो योगायोग नव्हता. अरुण पंपाची नळी धरून उभे, मी खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या धरून, आणि तुम्ही खाली बसून जुन्या ताट्यांच्या तारा सोडवत, कुजलेला खस खरवडत, नळीचं फुटलेलं टोक तिरकं छाटत. आमच्याकडे पक्कड होती, कात्री होती, एक मोठी पेटी भरून अवजारं होती. ती पेटी शोधून होईतो तुमचं काम संपलेलं असायचं. कूलरची पहिली थंड हवा आली की तुम्ही चाकू पदराला पुसून मिटायच्या आणि म्हणायच्या, आता येऊ दे किती तापते ते.

फक्त एका गोष्टीला तुम्ही तो लावला नाही, आणि त्यावरचं भांडण आजही उघडं आहे.

लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात मी तुमच्या घरी संत्र घेतलं, तुमचाच चाकू उचलला आणि मधोमध आडवं कापलं. मोसंबं कापतात तसं. माझ्या माहेरी असंच कापायचे, त्यात काय एवढं. तुम्ही चुलीजवळून उठून आलात.

"काहून वं? संत्र्याले चाकू लावून राहिली?"

"मग कसं खायचं?"

"त्यानं स्वतःच दार उघडं ठेवलं हाये बिचाऱ्यानं. बोट घातलं की झालं. तू भिंत पाडून आत चालली."

मी म्हटलं, हाताला वास येतो, नखं पिवळी होतात. तुम्ही म्हणालात, ज्याच्या हाताला हिवाळ्यात संत्र्याचा वास नाही त्याला नागपुरात राहायचा हक्क नाही. मी म्हटलं, मग मी नाशिकला जाते. तुम्ही म्हणालात, जाय, पण ते अर्धं संत्र ठेवून जाय. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी तुमच्यासमोर एक तरी संत्र कापायचे आणि तुम्ही एकदा तरी माझ्या माहेरचा उद्धार करायच्या. मुलं वाट बघायची. खरं सांगते, मला सोलूनच आवडायला लागलं होतं, पण तुम्हाला ते कळू देणं मला परवडणारं नव्हतं.

मेट्रोत मी तुम्हाला पहिल्यांदा घेऊन गेले तो दिवस आठवतो ना. तपासणीत तुमच्या कनवटीला चाकू सापडला. तो बिचारा गार्ड फार नम्र होता. म्हणाला, "माताजी, ये अंदर नहीं जाएगा."

"काहून? ये जाम काटने का है, भैया."

"नियम है, माताजी."

तुम्ही तिथेच बाजूला टेकलात, पिशवीतून जाम काढला, चार फाका केल्या आणि एक त्याच्यापुढे धरली. हा चाकू काय करतो ते त्याला दाखवायचं होतं तुम्हाला. त्यानं फाक खाल्ली, मीठ आहे का विचारलं, आणि चाकू तरीही जाऊ दिला नाही. तुम्हाला त्याचा राग आला नाही. ड्युटी करून राहिला, म्हणालात. पण चाकू त्याच्याकडे ठेवून जायचं मी सुचवलं तेव्हा माझ्याकडे असं पाहिलंत की मी विषय बदलला. आपण ऑटोनं गेलो. वाटेत तुम्ही वरून जाणाऱ्या मेट्रोकडे बोट दाखवून म्हणालात, "गाडी चांगली हाये. पण जाम नाई खाता येत तिच्यात."

दवाखान्याचं थोडंच लिहिते. धंतोलीतल्या त्या वॉर्डात तुम्ही आजारी कमी आणि घरमालकीण जास्त होता. चाकू उशीखाली. समोरच्या खाटेवर गोंदियाकडच्या एक बाई होत्या, त्यांच्या सुनेला कोणतंही पाकीट दातानं फाडायची सवय, ती तुम्ही तीन वेळा रागावून मोडलीत. नर्स ओरडायची की हे इथे चालणार नाही, आणि सलाइनच्या बाटलीचं खोकं उघडायला तीच यायची, "आजी, जरा द्या." तुम्ही चादरीवर ठेवायच्या. ती हात पुढे करून उभी राहायची, मग शिकली.

त्या दुपारी मी आंबिया बहाराची, हंगामातली पहिली संत्री घेऊन आले. तुमचा चेहरा उतरलेला होता. मी मुद्दाम म्हटलं, द्या चाकू, कापते. तुम्ही उशीखालून काढला. नेहमीसारखा अंगठ्याच्या नखानं उघडायला गेलात आणि उघडला नाही. पुन्हा गेलात. बोटात जीवच नव्हता. मी दुसरीकडे बघायचं नाटक केलं. मग तुम्ही माझं मनगट धरलंत आणि तो मिटलेला चाकू सरळ माझ्या तळहातावर ठेवलात. नुसता ठेवला नाही, माझी बोटं त्याच्यावर मिटवलीत.

मी म्हटलं, "ताई, हातात देल्ला तुम्ही. आता भांडण होते."

तुमचे डोळे मिटलेलेच होते. "होऊ दे," म्हणालात.

मी चाकू उघडला आणि विचारलं, काय कापू. तुम्ही झोपला होता. मी संत्र हातानं सोललं आणि फोडी वाटीत ठेवल्या, उठल्यावर खाल म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. चाकू माझ्या पर्समध्ये होता.

म्हणजे तुम्ही तो मला दिलात, की नुसता उघडून मागितलात? तुम्हाला नियम आठवत होता, की त्या ग्लानीत विसरला होता? "होऊ दे" हे मला म्हणालात, की डॉक्टर काहीतरी टोचणार असं वाटून? तुमच्या फोटोपुढच्या रांगोळीजवळ बसून मी याच प्रश्नावर घोटाळत होते, आणि लोकांना वाटलं मी फार रडते आहे. रडत होते तेही खरंच. पण चाकू मीनाचा होता. तुमची एकुलती लेक ती, पहिला हक्क तिचा. आणि मला तो द्यायचा नव्हता. तो देणं म्हणजे आपलं सगळं मिटलं, असं काहीतरी वाटायचं मला.

मग तेरवी. अंगणात पंगत बसायची वेळ झाली आणि पत्रावळ्यांचा गठ्ठा आला, नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधलेला. कुणीतरी म्हणालं, अरे चाकू आणा. आणि ताई, काय सांगू तुम्हाला, अंगणातल्या सगळ्या माना एकदम तुमच्या ओट्याकडे वळल्या. वाढपी, जावई, शेजारचे, सगळ्यांच्या. तुम्ही जिथे बसायच्या त्या कोपऱ्याकडे. मग कुणीतरी दात लावायला गेलं आणि मला ते पाहवेना. मी पर्स उघडली, चाकू काढला आणि दोरी कापली. एका झटक्यात. धार तुम्ही लावलेलीच होती.

मीना माझ्याकडे बघत होती. "मामी, आईचा चाकू तुमच्याजवळ होता?"

मी म्हटलं, "हो. घे. तुझाच आहे." आणि पत्रावळ्यांवर ठेवला, रीतसर.

तिनं उचलला नाही. विचारलं, "आईनं कवा ठेवला तुमच्याजवळ?"

"ठेवला नाही गं. हातात दिला."

"हातात?"

"हातात. बोटंसुद्धा मिटवली."

मीनाचे डोळे भरले आणि त्याच वेळी ती हसायला लागली. ते दोन्ही तिला एकदम करता येतं, हे तिनं तुमच्याकडून घेतलं आहे.

"मले तं कवाच हातात नाई देला आईनं. पोटची पोरगी असून. बाबांलेबी नाई." तिनं चाकू उचलला, मिटला आणि माझं मनगट धरून माझ्या तळहातावर ठेवला. "तो तुमचाच आहे मामी. चाकू नाई देला तिनं, भांडण देलं. माह्याच्यानं नाई होत तेवढं."

शेजारी अरुण उभे होते. लग्नापासून आजवर आपल्या भांडणात ते एक शब्द बोलले नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. ते त्या दिवशीही बोलले नाहीत. पण मीनाच्या हातून माझ्या हातात चाकू आला तेव्हा त्यांचा अंगठा आपोआप पुढे आला, पाते मिटू नये म्हणून दाबायला. मी पाहिलं ते. चाकू मिटलेलाच होता.

पंगत छान झाली, ताई. वरण तिखट होतं, गूळ घातला नव्हता. मी दोनदा वाढून घेतलं.

आता मी आमच्या गॅलरीत बसले आहे. खाली बाजाराचा गलबला चालू आहे. चाकू पर्समध्ये असतो. काल बसमध्ये एका बाईला तुटलेल्या पट्ट्याची शिलाई कापायला दिला तेव्हा मी तो आमच्या दोघींमधल्या सीटवर ठेवला. ती हात पुढे करून थांबली, मग हसून उचलला. तिच्याशी भांडायचं नव्हतं मला. भांडण एकाच ठिकाणी राखून ठेवलं आहे.

आज सकाळी मीनानं तुमच्या बागेतली संत्री पाठवली. सालीला हात लावला तरी सुटतील अशी. मी एक निवडून तुमच्या फोटोसमोर पाटावर ठेवलं. चाकू उघडला, माझं नख अजून व्यवस्थित चालतं. आणि ते संत्र मी मधोमध आडवं कापलं आहे. रस पाटावर सांडला आहे, बिया चिरल्या गेल्या आहेत, पुष्कळ वाया गेलं आहे.

मले बोला ना आता, ताई. मी सुरुवात केली हाये.